छापील तारखेच्या आधीच संपणारा पासपोर्ट

समजा, एखाद्याचा पासपोर्ट १० फेब्रुवारी २०१७ ला निघाला. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, म्हणून त्यावर समाप्तीची तारीख छापलेली आहे ९ फेब्रुवारी २०२७. दिवाळी उरकून १२ नोव्हेंबर २०२६ ला बालीला जायचं आणि आठ दिवसांत परत यायचं असा बेत आहे. तारखेला अजून जवळजवळ तीन महिने बाकी. तिकीट काढलं, हॉटेल ठरलं, आदल्या दिवशी वेब चेक-इनही झालं. मग मुंबई विमानतळावर बॅगा द्यायच्या काउंटरवरची मुलगी पासपोर्ट मशीनमध्ये सरकवते, पडद्याकडे बघते, सुपरवायझरला बोलावते, आणि तिथेच सहल संपते. इंडोनेशियाला प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टमध्ये किमान सहा महिने शिल्लक लागतात. या पासपोर्टवर बालीला उतरता येण्याचा शेवटचा दिवस होता ९ ऑगस्ट २०२६.

अडवणारी ती विमान कंपनी असते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. भारतातून बाहेर पडण्यासाठी आपलं सरकार सहा महिन्यांची अट घालत नाही. पण कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी पलीकडे उतरला, तर त्याला परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते, आणि बऱ्याच देशांत वर दंडही बसतो. म्हणून चेक-इनचे कर्मचारी ‘टायमॅटिक’ नावाची प्रणाली बघतात. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा तो माहितीसाठा आहे. नागरिकत्व, जायचा देश, मधला थांबा आणि पासपोर्टची तारीख घातली की नियम समोर येतो. तिथे ‘नाही’ दिसल्यावर काउंटरवरच्या माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. त्याच्याशी हुज्जत घालण्यात वेळ जातो, विमान मिळत नाही. वेब चेक-इन झालं होतं हा मुद्दाही चालत नाही, कारण त्या पायरीवर कागदपत्रांची खरी तपासणी झालेलीच नसते. तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात, आणि प्रवास विम्याच्या अटी नीट वाचल्या तर कागदपत्रांच्या कमतरतेमुळे झालेलं नुकसान सहसा वगळलेलंच दिसतं.

ही अट मुळात कशासाठी? पाहुणा आजारी पडला, इस्पितळात अडकला, मुक्काम लांबला किंवा त्याला परत पाठवायची वेळ आली, तर त्याच्या हातात चालू पासपोर्ट असावा एवढाच तिचा हेतू. मुदत संपलेल्या पासपोर्टवर माणसाला त्याच्या देशात धाडणं कोणत्याही सरकारला जिकिरीचं असतं. शिल्लक किती हवी हे मात्र प्रत्येक देश आपापलं ठरवतो, आणि खरा घोळ तिथेच होतो. ‘सहा महिने पाहिजेत’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, पण ते सगळीकडे खरं नाही. जिथे खरं आहे तिथेही कधीपासून मोजायचं याचं उत्तर बदलतं.

आपल्याकडची मंडळी सुट्टीत जिथे जास्त जातात ते देश, म्हणजे थायलंड, सिंगापूर, इंडोनेशिया, व्हिएतनाम, श्रीलंका, दुबई-अबुधाबी, हे सहा महिनेवाले. काही ठिकाणी मोजणी प्रवेशाच्या दिवसापासून होते, काही ठिकाणी मुक्काम संपल्यापासून. एका कुटुंबाच्या सहलीसाठी हा कीस काढत बसण्यापेक्षा परतीच्या तारखेत सहा महिने मिळवा आणि ती तारीख पासपोर्टवरच्या तारखेशी ताडून बघा. दोन्ही प्रकारच्या मोजणीत ते बसतं. सहा महिने म्हणजे १८० दिवस असं गणित करू नका, कॅलेंडरवरची तीच तारीख सहा महिने पुढे न्या. दोन-तीन दिवसांच्या फरकानेही लोक अडकतात.

युरोपचं वेगळं. शेंगेन देशांत, म्हणजे फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड वगैरे, शेंगेनमधून बाहेर पडायच्या नियोजित तारखेनंतर पासपोर्टमध्ये तीन महिने उरायला हवेत. शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा आणि व्हिसासाठी किमान दोन पानं कोरी असावीत. दहा वर्षांची अट आपल्याला एरवी जाचत नाही, कारण आपला पासपोर्ट दहा वर्षांच्या पुढे चालतच नाही. तीन महिन्यांची जाचते. वरच्याच उदाहरणात बालीऐवजी पॅरिस धरा आणि परतीचा दिवस २२ नोव्हेंबर. त्यापुढे तीन महिने म्हणजे २२ फेब्रुवारी २०२७, आणि पासपोर्ट संपतो ९ तारखेला. तेरा दिवस कमी पडले. इथे निदान विमानतळापर्यंत जायची वेळ येत नाही, व्हिसाचा अर्जच अडतो. पण तोवर अपॉइंटमेंट हातची गेलेली असते, आणि सुट्टीच्या हंगामात दुसरी मिळणं सोपं नसतं.

शेंगेनबाबत आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी वेगळे नियम लागू झाले. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा पुन्हा जाता येणारा, व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा. अट एवढीच की पासपोर्टमध्ये तेवढी मुदत शिल्लक असली पाहिजे. म्हणजे ज्याला पाच वर्षांचा व्हिसा मिळण्यासारखा आहे त्याने दीड वर्ष उरलेला पासपोर्ट पुढे केला, तर नुकसान त्याचंच. लांब मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करण्याआधी पासपोर्ट ताजा करून घ्यावा, असं म्हणायचं हे सगळ्यात मोठं कारण.

ब्रिटनला पासपोर्ट तुमच्या मुक्कामभर चालू असला की पुरतो. जपानचंही तसंच. दक्षिण आफ्रिकेला मुक्काम संपल्यानंतर ३० दिवस आणि दोन कोरी पानं लागतात. नेपाळला तर भारतीयांना मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. पण लंडनला जाताना दुबईत दोन दिवस मुक्काम ठेवलात, तर दुबईचे सहा महिने आलेच. वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं स्वतंत्र काढली आणि मधल्या विमानतळावर बॅग उचलून पुन्हा चेक-इन करायचं असेल, तरी त्या देशात शिरावं लागतं आणि तिथला नियम लागू होतो. स्वस्तात पडणाऱ्या तिकिटांत हा धोका दडलेला असतो.

आता अमेरिका. इथे जरा थांबू, कारण गैरसमज सगळ्यात जास्त इथे आहेत आणि किंमतही सगळ्यात जड इथेच पडते. अमेरिकेचा मूळ नियम मुक्कामापलीकडे सहा महिन्यांचा आहे, पण ज्या देशांशी त्यांचा करार आहे त्यांच्या नागरिकांना त्यातून सूट मिळते आणि त्या यादीत भारत आहे. म्हणजे भारतीय पासपोर्ट मुक्काम संपेपर्यंत चालू असला की प्रवेश मिळू शकतो. इथवर ऐकून लोक निर्धास्त होतात. पुढचं ऐकून घेत नाहीत.

अमेरिकेत किती दिवस राहता येईल हे व्हिसावर ठरत नाही, आय-९४ या नोंदीवर ठरतं. प्रवेशाच्या वेळी अधिकारी ती नोंद करतो आणि तिच्यावरची तारीख पासपोर्टच्या समाप्तीपर्यंतच देऊ शकतो. समजा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणारा माणूस डिसेंबर २०२६ मध्ये पुण्याहून परत गेला. कंपनीच्या मंजुरीचा कागद २०२८ पर्यंतचा, व्हिसाही तोवरचा. पासपोर्ट मात्र आपल्या उदाहरणातला. त्याच्या आय-९४ वर ९ फेब्रुवारी २०२७ ही तारीख पडण्याची दाट शक्यता आहे. जानेवारीत तो तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत नवा पासपोर्ट काढतो आणि प्रश्न मिटला असं समजतो. मिटलेला नसतो. नवा पासपोर्ट आल्याने आय-९४ आपोआप वाढत नाही. ९ फेब्रुवारीनंतर त्याचा तिथला प्रत्येक दिवस बेकायदा वास्तव्यात मोजला जाऊ शकतो. असे १८० दिवसांहून अधिक दिवस भरल्यावर देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. हातात २०२८ पर्यंतचा मंजुरीचा कागद असल्यामुळे अनेकांना हे कळतच नाही.

उपाय आहेत, पण ते तारीख उलटण्याआधी करायचे. एक म्हणजे नवा पासपोर्ट घेऊन देशाबाहेर जायचं आणि पुन्हा प्रवेश करायचा, म्हणजे नवी आय-९४ मिळते. दुसरा म्हणजे मुदतवाढीचा रीतसर अर्ज. तो कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलूनच करावा. सगळ्यात साधी सवय म्हणजे अमेरिकेत उतरलं की त्याच आठवड्यात सीबीपी या तिथल्या सीमा तपासणी खात्याच्या संकेतस्थळावरून घरातल्या प्रत्येकाची आय-९४ उतरवून घ्यायची आणि तारीख वाचायची. प्रत्येकाची म्हणजे मुलांचीही. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचे असतात, ते आईबाबांच्या आधी संपतात, आणि आईची तारीख २०२८ ची तर मुलीची पुढच्या एप्रिलची असं सर्रास घडतं. बाळंतपणासाठी किंवा नातवंडं बघायला जाणाऱ्या आजी-आजोबांनाही हेच लागू. पर्यटक व्हिसावर एरवी सहा महिने मिळतात. पासपोर्ट तीन महिन्यांत संपत असेल तर तेवढेच मिळू शकतात.

कॅनडात शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं. तिथलं स्टडी परमिट आणि वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला निघताना पासपोर्ट चौदा महिन्यांचा उरला असेल, तर परमिट तेवढंच, आणि पुढे परदेशात बसून आधी पासपोर्ट, मग परमिट अशा दुहेरी खेपा. निघण्याआधी तीन आठवडे काढून पासपोर्ट नवा केला असता तर हे सगळं टळलं असतं.

शिकायला जाणाऱ्यांमध्ये सतरा वर्षांच्या मुलांची गोष्ट खास लक्षात ठेवण्यासारखी. अठराच्या आतल्यांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरावा वाढदिवस येईपर्यंतचा, जे आधी येईल तेवढा. बारावीनंतर ऑगस्टमध्ये परदेशी निघायचं आणि पुढच्या जानेवारीत अठरा पूर्ण होणार, तर पासपोर्ट जानेवारीपर्यंतचाच. पण पंधरा ते अठरा या वयात दहा वर्षांचा पासपोर्ट घेण्याचा पर्याय अर्जातच असतो. बरेच पालक पाचशे रुपये वाचतात म्हणून छोटा पर्याय निवडतात. या वयाच्या मुलाला दहा वर्षांचाच काढून द्या.

शुल्क फार नाही. प्रौढांचा ३६ पानी पासपोर्ट १५०० रुपये, ६० पानी २००० रुपये, लहान मुलांचा पाच वर्षांचा १००० रुपये, आणि तत्काळ हवा असेल तर वर आणखी २००० रुपये. वारंवार फिरणाऱ्यांनी ६० पानी घ्यावा, कारण पानं भरली की तारीख शिल्लक असूनही पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो.

मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून री-इश्यूचा, म्हणजे जुन्याच्या जागी नवा पासपोर्ट घेण्याचा, अर्ज करता येतो. आपल्या उदाहरणातल्या माणसाला फेब्रुवारी २०२६ पासूनच वाट मोकळी होती. लोक थांबतात ते एका हिशेबाने, की जुन्याची उरलेली मुदत नव्यात मिळत नाही, मग वाया का घालवा. हा हिशेब करून बघू. १५०० रुपयांत दहा वर्षं, म्हणजे वर्षाला १५० रुपये. आठ महिने आधी नवा काढला तर बुडाले शंभर रुपये. त्या शंभरासाठी चौघांची तिकिटं पणाला लावायची?

क्रम मात्र पक्का ठेवा. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग परत न मिळणारे पैसे. पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज स्वीकारला की जुना पासपोर्ट तिथल्या तिथे रद्द करून परत देतात. नवा घरी येईपर्यंत तुमच्याकडे प्रवासाचा कोणताही कागद नसतो. पुढच्या आठवड्यात लंडनला जायचं आहे आणि जुना त्या मुक्कामाला पुरतो, तर आधी जाऊन या, मग अर्ज करा. तसंच व्हिसाचा अर्ज चालू असताना मध्येच पासपोर्ट बदलू नका. नंबर बदलला की अर्ज लटकतो.

पत्ता, नाव काहीच बदललेलं नसेल तर काम सरळ असतं. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज, ऑनलाइन शुल्क, अपॉइंटमेंट. पुढे जवळचं सेवा केंद्र किंवा पोस्टातलं सेवा केंद्र गाठायचं. सोबत मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती. अपॉइंटमेंट वर्षभरात तीनदाच घेता येते, तेव्हा ‘बघू, जमलं तर जाऊ’ अशी तारीख घेऊन ती फुकट घालवू नका. पोलीस व्हेरिफिकेशन लागेल की नाही हे आधी सांगता येत नाही, म्हणून पत्ता तोच द्यावा जिथे खरंच राहता. नोकरीसाठी पुण्यात, कागदोपत्री साताऱ्यात, आणि पोलीस साताऱ्याच्या घरी गेले तर अहवाल प्रतिकूल जाऊ शकतो.

लग्नानंतर नाव बदलायचं असेल तर घाईच्या प्रवासाआधीच्या री-इश्यूत ते करू नका. आपल्याकडे नाव बदलतं म्हणजे आडनावच नव्हे, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, कधी पहिलंही बदलतं. पासपोर्टवर नवं नाव, जुन्या पासपोर्टमधल्या व्हिसावर माहेरचं, तिकीट भलत्याच नावावर, असं त्रांगडं काउंटरवर सुटत नाही. आणि पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी सक्तीही नाही.

जुन्या पासपोर्टमध्ये चालू व्हिसा असेल तर तो टिकवता येतो. केंद्रात गेल्या गेल्या अधिकाऱ्याला ते पान दाखवा, म्हणजे रद्द करताना त्या पानाला धक्का लागणार नाही. अमेरिकेचा चिकटवलेला व्हिसा जुन्या, रद्द झालेल्या पासपोर्टमध्येही त्याच्या मुदतीपर्यंत चालतो. प्रवासात जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवायचे. शेंगेनचंही तसंच. व्हिसाचं स्टिकर सोलून नव्यात चिकटवण्याचा उद्योग कुणी करू नये, सोललेला व्हिसा बाद होतो.

ज्या व्हिसाला स्टिकरच नसतं, तो पासपोर्टच्या नंबराला बांधलेला असतो. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असाच. पासपोर्ट नवा झाला की तिथल्या यंत्रणेला नवा नंबर कळवावा लागतो, नाहीतर चेक-इनला व्हिसा दिसतच नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचा ई-व्हिसाही यूकेव्हीआय या तिथल्या व्हिसा विभागाकडच्या त्यांच्या ऑनलाइन खात्याला जोडलेला असतो, तिथे नवा पासपोर्ट नोंदवायचा. पर्यटकांच्या साध्या ई-व्हिसावर जुना नंबर छापलेला असेल, तर बहुतेक वेळा नवा ई-व्हिसा काढणंच शहाणपणाचं. विमानाच्या बुकिंगमधला पासपोर्ट नंबरही बदलायला विसरू नका.

परदेशात असतानाच मुदत संपत आली तर तिथल्या भारतीय दूतावासामार्फत री-इश्यू होतो. अर्ज बहुतेक देशांत व्हीएफएस किंवा बीएलएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपन्यांच्या केंद्रात द्यायचा असतो आणि त्याला काही आठवडे धरून चालावं. अगदीच अडचण आली, पासपोर्ट संपला आणि तातडीने घरी यायचं असेल, तर दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. ते फक्त भारतात येण्यासाठी, एकाच दिशेचं असतं. त्यावर वाटेत कुठे मुक्काम करता येत नाही आणि परत जाता येत नाही. परत जायला भारतात आल्यावर नवा पासपोर्ट काढावा लागतो.